तू मेला नाहीस, हे माझ्या हाडांवरून कसं ठरलं

मु. मोठखार, ता. पेण, जि. कुलाबा
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस, सन १९३५

रा. रा. सदोबा हरेश्वर घरत, मुक्काम मोंबासा बंदर, यांस बालमित्र चांगदेव याचा रामराम.

तुझी तब्येत कशी आहे? हा प्रश्न मी रीत म्हणून विचारत नाही, मनापासून विचारतो आहे. कारण गेल्या वैशाखात तू मेलास, ज्येष्ठात जिवंत झालास आणि काल दयारामाने येऊन सांगितलं की तू मोंबाशाला पाव भाजतोस आणि तुला पोटही सुटलं आहे. एवढं सगळं एका हंगामात ज्याच्यावर गुदरलं त्याची प्रकृती विचारायलाच हवी. इकडे तुझ्या मातोश्री गोदूआय ठीक आहेत. गुडघे दुखतात, जीभ दुखत नाही. मी ठीक आहे. (वैशाखात मी बावीस वर्षांचा होतो, आता सत्तावीस वर्षांचा आहे, कसा ते पुढे येईल.) राहीही ठीक आहे. राही म्हणजे तुझी बायको. चार वर्षं झाली, म्हणून आठवण करून दिली.

आता सविस्तर लिहितो, कारण हे सगळं तुझ्याबद्दल असून तू एकटाच हजर नव्हतास. आपला पश्चिमेकडचा बांध तुला आठवत असेल. पावसाळ्याआधी त्यावर चिखल चढवायचा, पावसाळ्यात तो खाडीने खायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा चढवायचा, हा आपला आणि समुद्राचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. यंदा चिखल काढायला तिवरांच्या बाजूला खड्डा घेतला, आणि शेजारच्या धर्माच्या फावड्याला माणसाची कवटी लागली. मागोमाग बाकीची हाडं. धर्मा फावडं टाकून जो पळाला तो थेट आपल्या सासुरवाडीला जाऊन थांबला. मग भागोजी पाटील आला. पोलीस पाटील झाल्यापासून भागोजी साधा शिंकतानाही इकडेतिकडे बघून शिंकतो, तर अशा प्रसंगी त्याचा तोरा काय सांगू. त्याने गोणपाट अंथरलं आणि एकेक हाड धुऊन जागच्या जागी मांडलं. (मांडलं म्हणजे त्याला जागा वाटली तिथे. पहिल्या मांडणीत दोन्ही पाय एकाच बाजूचे होते.) मांडताना असं दिसलं की हातापायांच्या हाडांची टोकं सुटी आहेत. दांडा वेगळा, वरची गाठ वेगळी. मनगटाला तसंच, खांद्याला तसंच, गुडघ्याला तसंच. भागोजीने मान हलवली आणि सांगितलं की या माणसाला सांध्यासांध्यावर मारून मोडलेलं आहे. मी मिठागरावर हजेरी लिहितो, म्हणजे गावात अक्षर माझंच, तेव्हा पंचनामा मला लिहावा लागला. ‘सर्व हाडे टोकांशी मोडून निराळी केलेली’ असं मी माझ्या हाताने लिहिलं आहे. मारणाऱ्याने एवढा वेळ कुठून काढला असेल, हाच विचार लिहिताना माझ्या डोक्यात चालला होता.

मेला कोण, हे ठरायला मात्र वेळ लागला नाही. लहानपणी ताडावरून पडून तुझं उजवं मनगट मोडलं होतं, ते साऱ्या गावाला ठाऊक. भागोजीने उजव्या मनगटाचं सुटं टोक दोन बोटांत धरून वर केलं आणि म्हणाला, “ह्यो सदूच. मनगाट मोडलेला हाय, बघा.” (डाव्या मनगटाचं टोकही तितकंच सुटं होतं, पण ते कोणी वर धरलं नाही.) झालं. गोदूआय ओरडत राहिल्या की हा माझा सदू नव्हे, पण आईचं असं बोलणं कोण मनावर घेतो? सगळ्यांनी त्यांना समजावलं, पाणी पाजलं, आणि चार म्हाताऱ्या राहीकडे गेल्या. तिने काही बोलायच्या आत तिचे हात उंबऱ्यावर टेकवून बांगड्या फोडल्या. ती रडली नाही. हातातल्या काचा वेचून तिने एका वाटीत ठेवल्या, एवढंच मी पाहिलं, आणि सदू, मला ते बघवलं नाही.

तुला मोंबाशाला बसून यातली अडचण कळणार नाही, म्हणून उलगडून सांगतो. तू गेल्यापासून चार वर्षं राही ना धड सवाशीण, ना विधवा. हळदीकुंकवाला बोलावतात, पण ओटी भरताना एकमेकींची तोंडं बघतात. तू मेलास असं पक्कं ठरलं तर आपल्या लोकांत तिचा दुसऱ्याशी पाट लावायला कुणाची ना नाही. तू जिवंत असशील तर ती तुझी बायको, मग तू कुठेही पाव भाज. म्हणजे त्या गोणपाटावर हाडं कोणाची, यावर त्या बाईचा पुढचा जन्म अडकला होता. आणि हे जिने ऐकून घ्यायचं, तिला सोडून बाकी सगळं गाव त्यावर बोलत होतं.

दुसरी अडचण माझी. पेणहून फौजदार आले. त्यांनी पंचनामा वाचला, अक्षराची तारीफ केली (मला बरं वाटलं), आणि विचारलं की या सदूला शेवटचं कोणी पाहिलं. साऱ्या गावाने माझ्याकडे बोट केलं. खरंच आहे ते. पालीच्या जत्रेला आपण दोघे गेलो होतो. बल्लाळेश्वराचं दर्शन झालं, तू म्हणालास की जरा तंबाखू बघून येतो, आणि तो जो गेलास तो गेलासच. मी संध्याकाळपर्यंत देवळाच्या पायरीशी तुझी छत्री धरून बसलो आणि छत्री घेऊन घरी आलो. फौजदारांना छत्री दाखवली. त्यांनी ती उघडून बघितली, मिटली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं आता ही माझ्याच पाठीत बसणार. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मेलेला सापडला, शेवटी बरोबर होता तो सापडला, त्याची छत्री सापडली, आणि सगळी हाडं मोडलेली आहेत हे त्यानेच लिहून दिलेलं आहे. आता अजून काय हवं? मी म्हणालो, साहेब, मी असा अंगाने काडीपैलवान, मला नारळ सोलता येत नाही, तर सदूला सांध्यासांध्यावर मोडीन कसा? ते म्हणाले, वेळ घेऊन.

देव पावला तो डॉक्टरांच्या रूपाने. फौजदारांबरोबर सरकारी दवाखान्यातले एक तरुण डॉक्टर आले होते. चष्मेवाले, बोलणं हळू, आणि हाडं बघितल्यावर असे खूष झाले की कुणी लग्नातलं ताट वाढलं असतं तरी झाले नसते. त्यांनी पहिल्यांदा दोन्ही पाय दोन बाजूंना केले. मग मनगट बघितलं, कोपर बघितलं, खांदा बघितला, आणि भागोजीला विचारलं की मोडलेलं हाड कधी बघितलं आहे का. मोडतं ते वेडंवाकडं मोडतं, इथे प्रत्येक टोक कसं नीट बाजूला झालं आहे, आणि उजवीकडे तेच डावीकडे. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. लहान वयात हाडाचा दांडा आणि त्याचं टोक वेगवेगळे असतात, मध्ये मऊ कुरकुरीत थर असतो, आणि तिथूनच हाड वाढतं. माणूस मोठा होत गेला की एकेक सांधा आपल्या ठरलेल्या वयाला एकजीव होतो. कोपर आधी, मग मनगट नि खांदा, आणि सगळ्यांत शेवटी गळ्याखालच्या फासळीवजा हाडाचं छातीकडचं टोक. ते जुळायला बाविशी उलटते, पंचविशीपर्यंत चालतं. या पोराचं कोपर जुळलं आहे, मनगट जुळायचं आहे. म्हणजे वय सोळा-सतरा, फार तर अठरा. ते म्हणाले, हे मोडलेलं नाही. हे अजून जुळलेलंच नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं आणि त्या पोराबद्दल वाईटही वाटलं, दोन्ही एकाच वेळी. मग डॉक्टरांनी विचारलं की सदू नाहीसा झाला तेव्हा त्याचं वय काय होतं. आणि इथे आपला गाव अडकला.

कारण आपल्याकडे माणसाला वय नसतं, खांड असते. हे डॉक्टरांना समजावता समजावता भागोजीला घाम फुटला. उधाणाच्या भरतीला बांध फुटतो, त्याला खांड पडली म्हणतात. खारं पाणी भातशेतात शिरतं, आणि मग कोण कधी जन्मला, कुणाचं लग्न कधी झालं, म्हातारा कधी गेला, सगळं त्या खांडीपासून मोजायचं. हे ठीक चाललं असतं, पण आपल्या गावात खांडी दोन पडल्या. पहिली शिमग्याच्या उधाणाची, दुसरी पाच वर्षांनी भादव्यातली. तू आणि मी एकाच खांडीचे यावर सगळ्यांचं एकमत. खांड कोणती, यावर मारामारी. भागोजी म्हणाला दुसरी. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की पाणी शिरलं तेव्हा गोदूआय तुला एका काखेला आणि मला दुसऱ्या काखेला मारून मारुतीच्या देवळाकडे पळत होत्या. (माझी आई तेव्हा आजारी होती, तुला ठाऊकच आहे.) काखेला म्हणजे तान्हेच. मास्तरांनीही शाळेत माझं नाव घालताना भागोजीच्या बापाला विचारून दुसरीच खांड धरली होती, म्हणून मी आजवर बावीस वर्षांचा होतो. त्या हिशेबाने तू नाहीसा झालास तेव्हा अठराचा, आणि हाडं तुझी असू शकतात. पहिली खांड धरली तर तू तेव्हा तेवीस वर्षांचा, मग हाडं तुझी नव्हेतच. गोदूआय पदर खोचून उभ्या राहिल्या. “माजा सदू पैल्या खांडीचा हाय. मी जनलाय त्याला, पाटलान न्हाय जनला.” भागोजी म्हणाला की आई आहे, पोराला जिवंत ठेवायला ती त्याला कुठल्याही खांडीचा करील. दोन दिवस नुसतं हेच. पहिल्या खांडीचे लोक एका ओटीवर, दुसऱ्या खांडीचे दुसऱ्या ओटीवर. आणि मधल्या पाच वर्षांत जन्मलेले कुठे बसावं ते न कळून उभेच.

उपाय डॉक्टरांना सुचला आणि सुचल्यावर ते माझ्याकडे ज्या प्रेमाने बघायला लागले ते मला फौजदारांच्या नजरेपेक्षाही वाईट वाटलं. ते म्हणाले, सदू इथे नाही, पण त्याच्या बरोबरीचा हा आहे. याचं वय समजलं की सदूचं समजलं. याच्या छातीवरच्या त्या हाडाचा मुंबईला क्ष-किरणांचा फोटो काढू. जुळलं असेल तर हा पंचवीस ओलांडलेला; नसेल तर बाविशीतला. फौजदारांनी लगेच मान्यता दिली. (आरोपी हाडांवरून सुटतो का अडकतो हे बघायची त्यांनाही उत्सुकता होती.) तर सदू, तू चार वर्षं समुद्रापलीकडे सुखाने आणि तुझा पुरावा म्हणून मी एका शिपायाबरोबर धरमतरच्या धक्क्यावर उभा. फोटो काढायचा म्हणून मी नवं धोतर, इस्त्रीचा कोट, डोक्याला तेल, सगळी तयारी केली होती. बोटीत सगळ्यांना वाटलं मी नवरदेव आहे आणि शिपाई करवला. एका म्हातारीने तर शिपायाला मुलीकडची माणसं कशी आहेत ते विचारलं, आणि तो बिचारा म्हणाला, अजून काही ठरलेलं नाही.

मुंबईच्या इस्पितळाचं वर्णन करायला स्वतंत्र पत्र लागेल, तेव्हा इतकंच लिहितो की तिथे जो भेटतो तो पुढच्या खोलीत पाठवतो. शेवटच्या खोलीत खिडक्यांना काळे पडदे आणि मधे एक मोठं यंत्र. मी खुर्चीत बसून कोटाची बटणं लावली आणि तोंड जरा हसरं केलं, तर तिथला मनुष्य म्हणाला कोट काढा. काढला. सदरा काढा. काढला. ताईत काढा. तोही काढला. मग म्हणाला, पालथे पडा आणि श्वास धरा. मला मुख्य काळजी एकच होती, की हा माणूस आतलं सगळं बघणार, आणि मी सकाळी शिपायाला कळू न देता सुकटीची चटणी नि तांदळाची भाकरी खाल्ली होती. यंत्र घूंघूं करून थांबलं. तो सोडा म्हणाला नाही, म्हणून मी श्वास धरूनच उठलो, धरूनच सदरा घातला आणि बाहेर बाकावर येऊन बसलो, तेव्हा शिपायाने माझं तोंड बघून पाठीत गुद्दा घातला. मग श्वास सुटला. संध्याकाळी फोटो दाखवला. माझ्याइतका खर्च करून कुणी एवढा वाईट फोटो काढून घेतला नसेल. तोंड नाही, कोट नाही, तेल लावलेले केस नाहीत; नुसत्या पांढऱ्या फासळ्या आणि वर दोन हाडं. पण तिथले मोठे डॉक्टर त्याच्याकडे बघून म्हणाले, छान, अगदी छान, दोन्ही बाजूंना पुरतं जुळलेलं आहे, शिवणसुद्धा दिसत नाही. हा मनुष्य पंचविशीच्या पलीकडचा. मी विचारलं, किती पलीकडचा? ते म्हणाले, एकदा सगळं जुळून झालं की मग हाड काही बोलत नाही. बोटीत बसताना मी बावीस वर्षांचा होतो, उतरताना सत्तावीस वर्षांचा. पाच वर्षं कुठे गेली ते मला अजून समजलेलं नाही, पण गुडघे मात्र त्याच दिवसापासून दुखू लागले आहेत.

म्हणजे आपण पहिल्या खांडीचे. गावात कळवलं तेव्हा गोदूआय मारुतीपुढे नारळ फोडून भागोजीच्या अंगणात गेल्या आणि तिथेच उभं राहून त्यांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. भागोजी म्हणत होता, मग मी बघितलं ते काय? तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्या खांडीलाही त्यांनीच आपल्याला काखेला मारलं होतं. आपण पाच-पाच वर्षांचे घोडे झालो होतो, पण पाण्यात चालायला तयार नव्हतो, बसकण मारली होती. भागोजीने लांबून दोन काखांना दोन पोरं बघितली आणि तान्ही धरली. आईंची कंबर तेव्हापासून धरते म्हणे. हे त्यांनी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, आता रोज सांगतात. फौजदारांनी माझी छत्री परत दिली. (म्हणजे तुझी.) तेव्हापासून गावात ज्याला त्याला आपली हाडं दाखवून घ्यायची आहेत. भागोजी स्वतः डॉक्टरांना विचारून आला की साठीच्या माणसाचं वय पन्नास निघण्याची सोय यंत्रात आहे का.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती, पण दोन माणसं उरली. एक तो पोरगा. डॉक्टर म्हणाले की कुठल्या तरी मचव्यावरून पडलेला असेल, नाही तर वरच्या गावचा पाण्याबरोबर वाहत आलेला असेल. दवंडी पिटली, आजूबाजूच्या गावांना विचारलं, कुणी आलं नाही. तू नव्हेस असं ठरल्यावर गावाला त्याच्यात रस उरला नाही. हाडं गोणपाटात बांधून पेणच्या दवाखान्यात पडली होती. राही एकटी चालत पेणला गेली आणि डॉक्टरांकडे ती मागितली. डॉक्टरांना ती हवी होती, शिकवायला बरी म्हणून, पण तिच्यासमोर त्यांना नाही म्हणता आलं नाही. तिने ती आणली, आम्ही चौघांनी खाडीकाठी अग्नी दिला, आणि तिने दहावं केलं. पिंड ठेवताना नाव काय घ्यायचं असा प्रश्न आला. ती म्हणाली, नुसता पोरगा म्हणा. कावळा लगेच शिवला.

दुसरी राही स्वतः. वैशाखात तिला विधवा केली, ज्येष्ठात पुन्हा सवाशीण केली. ज्या चार म्हाताऱ्यांनी बांगड्या फोडल्या त्याच कासाराला घेऊन दारात हजर. तिने हात पुढे केले नाहीत. “भरीन तं एकदाच भरीन,” एवढं बोलली आणि भात कांडायला गेली. अजून हात मोकळेच आहेत. आता बायका तिला कशालाच बोलवत नाहीत, कारण बोलवायचं कसं ते कुणाला ठरवता येत नाही.

आणि काल दयाराम आला. आगबोटीवर कामाला असलेला हा पलीकडच्या गावचा दयाराम तुला तिथे भेटला आणि तू त्याला ताजा पाव खाऊ घातलास, हे त्याने पानसुपारी घ्यायच्या आतच सांगून टाकलं. तिथे तू घर केलं आहेस, तिथली बायको चांगली आहे, मुलगी दोन वर्षांची आहे आणि तुझ्यासारखी नाकाने रुंद आहे, हेही सांगितलं. गोदूआय आधी रडल्या, मग हसल्या, मग नातीचं नाव विचारलं आणि दयारामाला ते आठवेना म्हणून त्याला शिव्या दिल्या. भागोजीला वाईट वाटलं, कारण तुझा मृत्यू हे त्याच्या कारकिर्दीतलं एकच मोठं काम होतं. मी काय करावं? आनंद झाला, हे खोटं नाही. तू जिवंत असावास असं मला चार वर्षं वाटत होतं. पण तू असा गुबगुबीत जिवंत असशील असं वाटलं नव्हतं, आणि पालीच्या त्या पायरीवरची संध्याकाळ आठवून एक सणसणीत शिवी तोंडात आली. ती मी इथे लिहीत नाही, पत्र आईंना वाचून दाखवायचं आहे.

बाकी इकडे पाऊस बरा आहे, भात उभं आहे, बांध शाबूत आहे. आईंना पत्र टाकत जा. मुलीचं नाव कळव. तिथल्या वहिनींना नमस्कार सांग. लोभ आहेच, तो वाढव किंवा नको, पण उत्तर पाठव.

तुझा,
चांगदेव

ता. क. छत्री मी वापरतो आहे. परत हवी असल्यास कळव. पण तिथे पाऊस कमी असं दयाराम म्हणतो.

ता. क. दुसरा. वरचं सगळं आईंना वाचून दाखवून झालं. आता त्यांना वाचून दाखवायचं नाही ते लिहितो. एवढं लांबलचक पत्र मी तुझी हाडं तुला सांगायला लिहिलेलं नाही. आपल्या लोकांत नवऱ्याने पंचांसमोर काडी मोडली की बायको मोकळी होते, हे तू विसरला नसशील. आज सकाळी पंच बसले होते. नवरा मोंबाशाला आहे तेव्हा काडी टपालाने चालेल असं ठरलं (भागोजीने हे एकमताने ठरवलं). तिथे भात होतं की नाही मला ठाऊक नाही, म्हणून आपल्या गेल्या सालच्या पेंढ्यातली एक काडी पाकिटात घालतो आहे. ती मोडून, मोडली असं लिहून, सही करून परतीच्या बोटीने पाठव. पाट कुणाशी लावायचा ते विचारशील, म्हणून सांगून ठेवतो: माझ्याशी. तू मेलेला ठरलास तर मी फासावर आणि तू जिवंत ठरलास तर राही तुझी, असे ते दोन महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मुंबईला श्वास धरला होता तो सुकटीमुळे नव्हे. राही मला आवडते. खूप आवडते. हे मी तिला काल रात्री सांगितलं, आणि ती म्हणाली की आधी त्याला विचारा. तुझं मन खट्टू होणार असेल तर मुलीकडे बघ. आणि काडी वाटेत टपालातच मोडली तर फार प्रामाणिकपणा करू नकोस, तूच मोडलीस असं धर.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला खळ मागायला गेलो तेव्हा राहीने पत्र वाचून दाखवा म्हटलं. दुसऱ्या ता. क. सकट सगळं ऐकलं. मग म्हणाली, त्याला एक लिवा, “बांगड्या फुटल्या त्या त्या पोराच्या नावान फुटल्या, तुज्या नावान न्हाय.” लिहिलं. मग तिने काडी बघायला मागितली, दोन बोटांत धरली आणि मोडली. मी म्हणालो, अगं, ती त्याने मोडायची असते. ती म्हणाली, “त्याना पालीलाच मोडलीन. मीच कवापसून धरून ठेवलीय.” दोन्ही तुकडे पाकिटात घातले आहेत. तुला आता मोडण्यासारखं काही उरलेलं नाही. फक्त सही कर.